गीझर, तंबोरा आणि आमचा भाचा

माझा भाचा हेवी मेटल वाजवतो, हे वाक्य साताऱ्यातल्या एखाद्या सुसंस्कृत दिवाणखान्यात उच्चारू नये, एवढी अक्कल मला होती. भाच्याला नव्हती. आणि दिवाणखाना मुलीच्या वडिलांचा होता.

स्थळ मीच सुचवले होते. आमची ताई सांगलीला दिलेली, मुलगी आमच्या साताऱ्यातली, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहणारी. मध्यस्थाचे काम सोपे असते. दोन्हीकडचे पोहे खायचे आणि दोन्हीकडचे दोष पोटात ठेवायचे. भाच्यात तसे पोटात ठेवण्यासारखे काही नव्हतेच म्हणा. इंजिनिअर, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी, सांगलीत स्वतःचे घर, सुपारीचेदेखील व्यसन नाही. तरीसुद्धा ताईने एसटीत कराडपासून साताऱ्यापर्यंत त्याची उजळणी घेतली होती. "छंद विचारला तर वाचन सांग. फारच खोदलं तर ट्रेकिंग. त्यापुढे एक अक्षर बोलू नकोस."

सांगलीच्या भडंगाचा पुडा इकडून तिकडे गेला, साताऱ्याच्या कंदी पेढ्यांची बशी तिकडून इकडे आली, आणि मुलीच्या वडिलांनी विचारले, "मग, नोकरीशिवाय काय?"

"बेस वाजवतो," भाचा म्हणाला. "हेवी मेटलमध्ये."

"हेवी मेटल!" मुलीचे वडील खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे फौंड्री! अरे वा! शिरोलीला की कुपवाडलाच?"

सांगली-कोल्हापूरकडच्या मुलाने हेवी मेटल म्हटल्यावर साताऱ्याच्या माणसाला फौंड्री आठवावी, यात त्यांची काही चूक नव्हती. पुढची तीन मिनिटे ते कास्टिंग आणि कोळशाचे भाव यांवर बोलले. ती तीन मिनिटे त्या लग्नाच्या दृष्टीने सर्वांत सुखाची होती. ताई तर माझ्याकडे 'असंच चालू दे' अशा नजरेने बघत होती. पण भाचा पडला प्रामाणिक. "नाही हो काका, गाणं. ते काळे शर्ट, लांब केस, आरडाओरडा असतो ना, ते."

खोलीत शांतता पसरली. मुलीच्या आईने पेढ्यांची बशी नकळत आपल्याकडे ओढून घेतली.

एकट्या मुलीनेच काय तो शहाणा प्रश्न विचारला. "तुम्ही वाजवताना चुकलात, तर लोकांना कळतं का?"

"कळतं," भाचा म्हणाला. "पण त्यांना वाटतं, दुसरंच कुणीतरी चुकलंय."

चार दिवसांनी मुलीच्या वडिलांचा मला फोन आला. मुलगा सोन्यासारखा आहे, घर चांगले आहे, फक्त लग्नाआधी त्याने ते वाजवणे सोडून द्यावे, एवढे मामा म्हणून तुम्ही त्याला समजवा. इथवर ठीक होते. मी मध्यस्थ होतो, 'बघतो' म्हणून फोन ठेवला असता. पण ते पुढे म्हणाले, "आणि समजा वाजवायचंच असेल, तर निदान पुढचं काहीतरी वाजवावं हो. तो नुसता बेस कसला?"

त्या 'नुसता' या शब्दाने घात केला. हा लेख म्हणजे त्या एका शब्दाला दिलेले उत्तर आहे. ते फोनवर देता आले नाही, कारण मुलीकडच्या माणसाशी फोनवर भांडू नये, असा आमच्याकडे दंडक आहे. छापून भांडायला कुणी मनाई केलेली नाही.

आधी बेस म्हणजे काय ते सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्म्या लोकांना तो गिटारचा मोठा भाऊ वाटत असेल. दिसतो तसाच, पण गिटारला तारा सहा, याला बहुधा चार. त्या चांगल्या जाडजूड. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या बरोबर निम्म्याने. म्हणजे गिटार जिथे खाली उतरून थांबते, त्याच्याही खाली एक सप्तक हा गृहस्थ राहतो. तळघरातला भाडेकरूच म्हणा. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या माणसाने तो विजेवर चालणाऱ्या रूपात बाजारात आणला. त्याआधी हे काम करायला माणसाएवढे उंच लाकडी वाद्य उभे करून धरावे लागे.

आता या खालच्या स्वरांची एक गंमत आहे. मोबाइलचा स्पीकर असतो बोटाच्या पेराएवढा. त्याला एवढा खर्ज काढताच येत नाही. ताईने एकदा कौतुकाने भिशीच्या बायकांना भाच्याचे रेकॉर्डिंग मोबाइलवर ऐकवले. ढोल ऐकू आले, गिटार ऐकू आली, कुणाला तरी भाजल्यासारखे एकजण ओरडत होता तेही ऐकू आले. "यात तुमचा कुठला?" बायकांनी विचारले. ताईने तीन वेळा ऐकले आणि संध्याकाळी मुलाला जाब विचारला, "खरं सांग, तुला त्यांनी घेतलंय का नुसतं उभं केलंय?"

उलट शेजारच्या काकूंना विचारा. त्या सांगतील की बाकीचं आम्हाला काही ऐकू येत नाही, ऐकू येतो तो तुमचा मुलगाच. कारण या खर्जाची एकेक लहर आठ मीटरांहून लांब असते, आमच्या दिवाणखान्यापेक्षा लांब. ती भिंतीला दाद देत नाही. भाचा मागच्या खोलीत वाजवतो आणि काकूंच्या मांडणीवरची पातेली बोलू लागतात. म्हणजे आईला ऐकू येत नाही आणि शेजारणीला दुसरे काही ऐकू येत नाही, असे हे वाद्य आहे.

बरे, हा करतो काय? मलाही वाटायचे की हा एकच स्वर धरून बसतो. एकदा भाच्याने मला बसवून घेतले. पेटीवर मला तीन स्वर धरायला लावले आणि म्हणाला, "मामा, तुम्ही हात हलवू नका." खाली त्याने आपला स्वर बदलला. मी हात हलवला नव्हता, तरी माझे तेच तीन स्वर आधी हसरे होते ते एकदम सुतकी झाले. मी दचकून पेटीकडे बघितले. संगीत थोडेफार जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे सांगायला नको. भूपाचे पाचही स्वर तेच ठेवा, फक्त गंधाराला षड्ज माना. झाला मालकंस! आपण याला मूर्च्छना म्हणतो आणि मान डोलावतो. हा मुलगा गाण्याच्या खालचा षड्जच सरकवतो, आणि आपण त्याला 'नुसता' म्हणतो.

एक आक्षेप आधीच निकालात काढतो. "पण तो गोंगाट असतो हो!" असतो. मी कबूल करतो. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटले, एसटी स्टँडवर एकाच वेळी सगळ्या गाड्यांनी गिअर टाकले. पण हा आक्षेप सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या माणसाने घ्यावा? विसर्जनाच्या मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात, छातीच्या बरगड्या मोजून होतील असा दणका बसतो, आणि त्यासमोर आमचेच चिरंजीव, पुतणे आणि एक-दोन नगरसेवक नाचत असतात. तोही खर्जच. फरक एवढाच की तिथे तो मशीनमधून निघतो आणि इथे माणूस बोटांनी वाजवतो. आणि ही काही कालची फॅशन आहे म्हणाल, तर मुंबईत 'इंडिपेन्डन्स रॉक' हा जलसा १९८६ सालीच सुरू झाला. तेव्हा रंगभवनाच्या उघड्या नाट्यगृहात डोके हलवणारी मुले आता गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरकडे जात असतील.

तेव्हा खरे दुखणे गोंगाटाचे नाही. पैशाचेही नाही. आमच्या नात्यातली एक मुलगी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाली. तिलाही एक पैसा मिळाला नाही. पण चौकात तिचा फ्लेक्स लागला, त्यावर आमच्या दाजींचा फोटो 'शुभेच्छुक' म्हणून झळकला. तेच दाजी स्वतःच्या मुलाला म्हणतात, "तू जे करतोस ते दिसतच नाही तर त्याचा फ्लेक्स कसा लावायचा?" आता कळले? आपल्याला वाजवण्याचा राग नाही. मागे उभे राहण्याचा राग आहे. मुलगा संगीतापायी वाया गेला तरी चालेल, पण वाया जाताना तो मधोमध उभा असावा.

भाच्याच्या बाजूने लढायचे ठरवल्यावर मी त्याच्याच कडून थोडा अभ्यास केला. "या धंद्यातले थोर पुरुष कोण?" मी वहीपेन घेऊन विचारले.

"पहिलं नाव गीझर बटलर."

"गीझर? बाथरूममधला?"

त्याने हा विनोद आधी ऐकलेला असावा, कारण तो हसला नाही. हे बटलर 'ब्लॅक सॅबथ' या मंडळीतले. गाव इंग्लंडातले बर्मिंगहॅम, कारखान्यांचे. यांची पहिली तबकडी १९७० च्या फेब्रुवारीत आली आणि हेवी मेटलची सुरुवात बहुतेक लोक तिथूनच धरतात. यांच्यातला गिटारवाला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तिथे त्याच्या बोटांची टोके यंत्रात गेली. मग बोटांना टोपणे लावून, तारा सैल करून तो वाजवू लागला, आणि तारा सैल झाल्या तसा आवाज खाली उतरून जड झाला. आणि आमचे गीझरराव? ते आधी हिशेबनिसाचे काम शिकत होते! साताऱ्यातल्या कुठल्याही मुलीच्या बापाने डोळे मिटून होकार द्यावा असे स्थळ. ते सोडून त्यांनी बेस धरला, शिवाय त्या मंडळींची बहुतेक गाणी लिहिलीही यांनीच. गायले दुसऱ्याने. ५ जुलै २०२५ ला त्यांच्याच गावी चौघांनी मिळून अखेरचा कार्यक्रम केला आणि १७ दिवसांनी गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याच्यावर रकाने भरले, ते योग्यच झाले. पण त्याच्या तोंडी जे शब्द होते त्यातले बहुतेक मागे उभ्या असलेल्या माणसाचे होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

दुसरे नाव स्टीव्ह हॅरिस. हे आधी ड्राफ्ट्समन होते, म्हणजे घरांचे नकाशे काढायचे. १९७५ साली यांनी 'आयर्न मेडन' काढली. मंडळीचे मालक म्हणा, चालक म्हणा, हेच. १ फेब्रुवारी २००८ ला यांनी आपल्या जगाच्या दौऱ्याचा नारळ मुंबईत फोडला. येताना सगळी मंडळी एका मोठ्या विमानात सामानासुमानासह आली आणि ते विमान चालवायला कोण होते? त्यांचा गायक! त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना आहे. मला ही व्यवस्था फार आवडली. गायकाला पुढे बसायची हौस असते ना, मग बस पुढे आणि विमान चालव. मागे बसलेला माणूस आपला पुढच्या गाण्याचा विचार करतो.

तिसरी गोष्ट मात्र हसण्याची नाही. 'मेटॅलिका' नावाची मंडळी. १९८६ च्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये रात्रीच्या प्रवासात त्यांची बस उलटली आणि क्लिफ बर्टन हा त्यांचा बेसवाला गेला. वय वर्षे २४. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. या नव्या मुलाने पुढच्या तबकडीसाठी मान मोडून बेस वाजवला. १९८८ साली तबकडी निघाली, लाखांनी खपली. आणि त्यात बेस जवळजवळ ऐकूच येत नाही! मिश्रण करताना त्याचा आवाज खाली, खाली, आणखी खाली करत नेला होता. तबकडीचे नाव काय? '...अँड जस्टिस फॉर ऑल'. सर्वांना न्याय! नावात न्याय आणि आत अन्याय, असे उदाहरण आपल्याकडे सरकारी योजनांखेरीज सापडायचे नाही. पण गंमत अशी की इतकी वर्षे झाली तरी लोक त्या न ऐकू आलेल्या बेसबद्दल भांडताहेत. चाहत्यांनी घरी बसून बेस मोठा केलेल्या आवृत्त्या तयार केल्या. काढून टाकल्यावर कळले की काहीतरी होते.

हे सगळे परदेशातले झाले. तुम्ही म्हणाल, त्यांचे त्यांना लखलाभ, आपले काय? आपले सांगतो. आपले सांगलीहून सिटी बसने मिरजेला उतरलात की सापडते.

मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे होतात. पंढरपूर, मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, वाळतात, त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी चढते, घोडी बसते, जवारी लागते, आणि तो तंबोरा देशभरच्या मैफलींत जाऊन बसतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हे काम पहिल्यांदा केले कुणी? फरीदसाहेब सतारमेकर यांनी, आणि हे घराणे मूळचे शिकलगारांचे. म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा लोखंडावर बसलेले हात भोपळ्याकडे वळले. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यातून जे निघाले ते १९७० साली. आमच्या मिरजेत लोखंडातून संगीत त्याच्या शंभरएक वर्षे आधीच निघाले होते. आता सांगा, हेवी मेटल कुणाचे?

आणि हा तंबोरा म्हणजे तरी दुसरे काय? तारा किती? चार. एक पंचमाची, दोन जोडाच्या, आणि शेवटची जाड पितळी, खर्जाची. गाणाऱ्याने कितीही उड्या मारल्या तरी पाय ठेवायला जागा याने द्यायची. अब्दुल करीम खाँसाहेबांनी ज्या मिरजेला आपले मानले आणि १९३७ साली गेल्यावर जिथे मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना चिरविश्रांती मिळाली, त्या गावात तरी हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. मला विचारा.

माझे वडील त्या मिरजेत तंबोरा धरत असत.

ते गवई नव्हते. एका सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळी फायली आणि संध्याकाळी तंबोरा. गावात कुणी गवई आले की बोलावणे यायचे. तंबोरा धरणे हे काम सोपे वाटते, कारण त्यात बोटे नाचत नाहीत. अडीच तास मांडी मोडायची नाही, तबला दुगुनीत गेला तरी आपली चाल वाढवायची नाही, गाणे कितीही रंगले तरी वाहवत जायचे नाही, आणि नाकावर माशी बसली तर ती तिची खुशी. बाबा म्हणायचे, "गाणाऱ्याला आपण आहोत हे कळता कामा नये, आणि आपण नाही हे कळल्यावाचून राहता कामा नये."

कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तबल्याचे नाव असे, पेटीचे नाव असे, आणि त्याखाली छापलेले असे, 'तंबोरा : शिष्यवर्ग'. बाबा कुणाचेच शिष्य नव्हते, आणि एकट्या माणसाचा वर्ग कसा होतो हे मला शाळेत कुणी शिकवले नाही. मी दहा वर्षांचा असेन. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "तुझे बाबा स्टेजवर काय वाजवतात रे?" मी म्हणालो, "काही नाही. नुसता तंबोरा."

तेव्हा हा शब्द मुलीच्या वडिलांनी शोधलेला नाही. त्याचा शोध माझ्याच नावावर आहे. म्हणून तर तो फोनवर ऐकला तेव्हा इतका लागला.

एकदा गावात मोठे गवई आले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध गवई, डावीकडे तबला, उजवीकडे पेटी. आणि फोटोच्या कडेला तंबोऱ्याची दांडी आणि तिच्यावर एक हात. मनगटापाशी फोटो कापलेला होता. बाबांचा हात आला, बाबा आले नाहीत. आईने ते कात्रण देवघराच्या भिंतीला लावले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हात दाखवायची. "हे आमचे." लोक गवयाकडे बघून "वा वा" म्हणायचे.

तमाशाचेही तेच. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी वतन आणि अब्रू दोन्ही वाऱ्यावर सोडून तमाशात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्या काळात त्यांनाही कुणीतरी 'हे काय करिअर आहे का?' असे त्या वेळच्या भाषेत विचारलेच असणार. त्यांचे नाव राहिले, राहायलाच हवे होते. पण त्यांच्या मागे तुणतुण्याची एकच तार रात्रभर तुणतुणवत ठेवणारा, झील धरणारा, त्याचे नाव? आपण तर एवढे पुढे गेलो की कुणी तेच तेच बोलू लागला की म्हणतो, "लागलं याचं तुणतुणं वाजायला!" ज्याच्यावर सगळा फड उभा, त्याची आपण शिवी करून टाकली.

आता पैशाचे. मी भाच्याला नोकरी सोड असे कधी सांगितलेले नाही, सांगणारही नाही. आपल्याकडे हेवी मेटल वाजवणाऱ्या मुलांचे पोट बहुधा त्यावर चालत नाही. ती आठवडाभर कुठेतरी नोकरी करतात आणि शनिवार-रविवारी वाजवतात. भाचाही शनिवारी दुपारी पाठीवर ते धूड बांधून पुण्याची गाडी पकडतो आणि सोमवारी सकाळी कंपनीच्या गेटवर हजर असतो. गेल्या वर्षी एका कार्यक्रमाला त्याने मला नेले. मी कानात कापूस घालून गेलो होतो. दोन गाणी मी कापसातून ऐकली. तिसऱ्या गाण्यात भाच्याची तार तुटली. आवाज बंद पडला असे काही झाले नाही. गिटार चालू होती, ढोल चालू होते, ओरडणारा ओरडत होता. पण पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखे वाटले. सगळे जण हवेत लटकून वाजवत होते. समोरची पोरे नाचायची थांबली, आणि का थांबली ते त्यांनाही कळेना. मग त्याने उरलेल्या तीन तारांवर कुठूनतरी तो स्वर पुन्हा धरला, आणि फरशी परत आली. मी कापूस काढून खिशात ठेवला.

बाबा म्हणायचे ते हेच. फक्त बाबांना आवाज एवढा मोठा करायची सोय नव्हती.

म्हणून माझे म्हणणे मांडतो. बेसवाल्याला पुढे आणून उभा करा असे मी म्हणत नाही, पुढे उभे राहायला लाज न वाटणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. माझ्या मागण्या साध्या आहेत. पत्रिकेवर, पोस्टरवर त्याचे नाव छापा, बाकीच्यांच्या नावांएवढ्याच टाइपात. 'शिष्यवर्ग' हा शब्द शिष्य असतील आणि वर्ग असेल तेव्हाच वापरा. मानधनाची पाकिटे वाटताना शेवटचे पाकीट हलके करू नका. घर बांधणारा कंत्राटदार जोत्याच्या खालचे काम दिसत नाही म्हणून बिलातून सोडून देतो का? उलट तिथेच तो जास्त लावतो! फोटो काढताना दोन पावले मागे सरका, म्हणजे सगळे मावतील. आणि कुणी विचारले, तुमचा मुलगा काय वाजवतो, तर 'नुसता' हा शब्द गिळून टाका. दहा वर्षांचा असताना मला तो गिळता आला नाही, आणि बाबा दारात उभे राहून ते ऐकत होते, हे मला फार उशिरा कळले.

मुलीच्या वडिलांना मी कळवले आहे की मामा म्हणून भाच्याला समजवायला गेलो होतो, पण त्यानेच मला समजवले. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. मुलीने मात्र भाच्याला परस्पर विचारले की तुमचे गाणे ऐकायचे तर कुठे ऐकू. भाच्याने कळवले की कुठेही ऐका, पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. तिने आपल्या पगारातून चांगले हेडफोन विकत घेतल्याची बातमी गल्लीच्या तोंडापासून माझ्या घरापर्यंत आलेली आहे. मध्यस्थ म्हणून मी याचा अर्थ लावत नाही.

परवा ताईने पुण्याच्या पुढच्या कार्यक्रमाचे पोस्टर पाठवले. मधोमध तोंड उघडलेला गायक, बाजूला केस उडवणारा गिटारवाला, मागे ढोल. भाचा कुठे दिसेना. ताईने खाली लिहिले होते, "याला घेतलंय ना रे नक्की?" मी चष्मा लावून नीट बघितले. पोस्टरच्या अगदी कडेला बेसची दांडी होती आणि तिच्यावर एक हात, मनगटापाशी कापलेला.

मी ताईला लगेच कळवले, "घेतलंय. हात आपल्याच घरातला आहे."